तेरा वर्षांनी पुन्हा निळे लोक: 'अवतार'चा दुसरा भाग कुणी कुठे, कसा पाहिला?

शुक्रवारी, १६ डिसेंबर २०२२ला, 'अवतार: द वे ऑफ वॉटर' लागला, परक्या जगातल्या निळ्या लोकांचा सिनेमा. पहिला आला होता १८ डिसेंबर २००९ला. हा दुसरा खरं तर २०१४मध्येच येणार होता. मग पुढे गेला, मग आणखी पुढे गेला, आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटसारखा. (ती अजूनही पुढेच जातेय.)

पहिला पाहिला तेव्हा मी टी.वाय.ला होते. लेक्चर बुडवून सहा जणी गेलो होतो आणि बाहेर पडल्यावर कुणी काही बोलेना. परवा रविवारी सकाळी दुसरा पाहिला तेव्हा शेजारी सात वर्षांची मुलगी होती. सिनेमातलं निळ्या लोकांचं सगळं कुटुंब जंगल सोडून निघतं, तिथे तिने विचारलं, "आई, यांचीपण बिल्डिंग पाडली का?" पुढे पोरं पाण्याखाली जातात तेव्हा ही त्यांच्याबरोबर गाल फुगवून श्वास रोखून बसली. दोनदा पाठीवर थाप मारून 'अगं श्वास घे' म्हणावं लागलं. सिनेमा कसा आहे म्हणून कुणी विचारलं की मी एवढंच सांगते.

परीक्षणं नकोत, ती पेपरात येऊन गेली. कुठे पाहिलात, कुणाबरोबर, मधल्या तेरा वर्षांत तुमचं काय झालं, ते लिहा. रहस्यभेद करणार असाल तर आधी सांगा.

लालबागचा लेफ्ट विंग

रविवारी रात्री आठचा खेळ. होय, १८ तारखेचा. तिकिटं बायकोने दहा दिवस आधी काढली होती आणि फुटबॉल वर्ल्ड कपची फायनल त्या दिवशी आहे हे मला माहीत असूनही मी गप्प बसलो, कारण 'अर्जेंटिना कसली पोचतेय' असं वाटलं होतं.

अर्धा हॉल रिकामा. मध्यंतरात अर्जेंटिना २-० पुढे पाहिलं, संपली मॅच म्हणून मोबाइल खिशात टाकला आणि शहाण्यासारखा समोसा खाल्ला. पुढे तो मुलगा आणि तो देवमाशासारखा प्रचंड प्राणी एकमेकांच्या डोळ्यांत बघताहेत, हॉल चिडीचूप, आणि मागच्या रांगेतून आवाज आला, "आयला!" दीड मिनिटाने परत, "आयला!!" फ्रान्सच्या एम्बाप्पेचे दोन गोल. शेवटी पडद्यावर जहाज बुडत होतं तेव्हा तिकडे पेनल्टी चालू होत्या. आमच्या रांगेतली चार माणसं गुडघ्यांमध्ये मोबाइल धरून, निळे चष्मेवाले चेहरे खाली घालून बसली होती. ज्याच्यासाठी रडायचं त्याच्यासाठी बायको रडली, मी मेस्सीसाठी रडलो. चष्म्यामुळे तिला फरक कळला नाही.

परत बघणार आहे. या वेळी फक्त सिनेमा.

पेन्शनर पार्लेकर

वय ७६. नातू घेऊन गेला. मला थ्रीडी नवीन नाही. १९९८ साली 'छोटा चेतन' हिंदीत आला तेव्हा मुलीला घेऊन गेलो होतो. मूळ मल्याळम, १९८४चा, भारतातला पहिला थ्रीडी. हॉलभर पोरं हात पुढे करून हवेतलं आइस्क्रीम धरत होती, त्यात एक-दोन बापसुद्धा होते. त्यातला एक मी.

आता तक्रार. सिनेमा ३ तास १२ मिनिटांचा. मध्यंतर एकच. शिवाय पडदाभर पाणी, सतत पाणी, लाटांचे आवाज. ज्यांची प्रोस्टेटची गोळी चालू आहे त्यांचा विचार दिग्दर्शकाने केलेला नाही. मी दोनदा उठलो. पहिल्यांदा परत आलो तेव्हा दोन मुलं होती त्यांची चार झाली होती असं मला वाटलं, नातू म्हणाला, "आजोबा, चारच होती, शिवाय एक माणसाचा मुलगा." नंबरच्या चष्म्यावर हा दुसरा चष्मा, नाकावर अजून वळ आहे.

पण पहिल्यांदा ते समुद्रात उतरतात तिथे मी नातवाचा हात धरला. त्याने सोडवून घेतला नाही.

कथा कुठाय

मला कथा सापडली नाही. पहिल्यात मेलेला कर्नल परत आणला, या वेळी निळा करून. पुन्हा शहाणपण शिकणारा पाहुणा, पुन्हा लोभी कंपनी. जंगलाच्या जागी समुद्र घातला. तेरा वर्षं काय लिहीत होते?

रात्रपाळी

@कथा कुठाय, लिहीत नव्हते, पाणी बनवत होते. मी अंधेरीत व्हीएफएक्समध्ये (सिनेमाची दृश्यं काँप्युटरवर बनवायचं काम) आहे, रोटो करतो. (या सिनेमावर काम केलेलं नाही, आधीच सांगतो, नाहीतर उद्या सगळे पास मागतील.) रोटो म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये माणसाच्या कडेने रेघ मारत बसायचं. केस आले की रडू येतं. ओले केस आले की राजीनामा.

यांनी नटांना खरोखर पाण्यात उतरवलं. सुमारे ९ लाख गॅलनची टाकी. ऑक्सिजनचे सिलिंडर लावले तर बुडबुडे येतात आणि हालचाल टिपणाऱ्या कॅमेऱ्यांना अंगावरचे ठिपके आणि बुडबुडे वेगळे काढता येत नाहीत. म्हणून सगळे श्वास रोखून. त्यातली नटी केट विन्स्लेट सात मिनिटांच्या वर राहिली. वरच्या दिव्यांचा उजेड पाण्यात लखलखू नये म्हणून टाकीच्या पृष्ठभागावर छोटे पांढरे गोळे पसरले होते. ही सगळी मेहनत फक्त हालचाल टिपण्याची. तुम्ही बघता ते पाणी त्यानंतर काँप्युटरवर केलेलं आहे.

एकच जागा सांगतो. कुणीतरी पाण्यातून वर येतं आणि खांद्यावरून पाण्याचा पापुद्रा ओघळतो, मग त्याचे थेंब होतात, मग नुसती ओल उरते. दोन सेकंद. मी हॉलमध्ये मोठ्याने शिवी दिली, कौतुकाची. पुढच्या बाई वळून बघायला लागल्या.

शेवटची नामावली पूर्ण पाहिली. हॉलमध्ये मी आणि झाडू घेऊन उभे असलेले दोन काका. त्यातले एक म्हणाले, "साहेब, अजून काही आहे का शेवटी?" म्हटलं, नाही, नावंच आहेत. तेपण माझ्याबरोबर बघत उभे राहिले.

डोळे चोळणारा

एक विचारायचंय. मला मधेच चित्र एकदम गुळगुळीत, सीरियलसारखं दिसायचं आणि मधेच नेहमीसारखं. शिवाय सगळं अंधारलेलं. माझे डोळे गेलेत की पैसे?

मशीनवाला

दोन्ही शाबूत आहेत. मी एका जुन्या एकपडदा थिएटरात प्रोजेक्शनवर आहे.

गुळगुळीतपणाचं कारण असं: नेहमीचा सिनेमा सेकंदाला २४ चित्रं. यात पाण्यातले आणि मारामारीचे बरेच प्रसंग ४८ने आहेत. साधी बोलाचाली आली की तेच चित्र दोनदा दाखवून २४सारखं भासवतात. हे ज्या हॉलमध्ये ती सोय आहे तिथेच. काहींना बदल जाणवतो, काहींना नाही.

अंधाराचं कारण थ्रीडी. मशीनपुढची काच आणि तुमचा चष्मा मिळून निम्म्याहून जास्त उजेड खातात. त्यात दिवा जुना झालेला असला आणि मालकाला बदलायचा नसला की झालं, समुद्राचा नाला होतो. आणि एक गुपित: थ्रीडीचा खेळ झाल्यावर पुढच्या साध्या सिनेमाला ती काच बाजूला सरकवायची राहून गेली तर तोही काळवंडतो. लोकांना वाटतं दिग्दर्शकाची कला आहे.

पहिला भाग आला तेव्हा आमच्याकडे रिळं होती, एकेक डबा उचलताना पाठ जायची. हा आला हार्ड डिस्कवर. पण त्याला कुलूप असतं, किल्ली वेगळी पाठवतात आणि ती ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या वेळातच लागते. गुरुवारी रात्री मी मशीनसमोर बसून होतो. सिनेमा माझ्या समोर, डब्यात, आणि मला बघता येत नाही. पूर्ण सलग मी अजूनही पाहिलेला नाही. खिडकीतून तुकडे पाहिलेत, तेही बिनचष्म्याचे. मला सगळे दोन-दोन दिसतात.

ठाण्याची मावशी

इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम. मराठी नाही. सिनेमाचं नाव 'अवतार'. त्या देवमाशासारख्या प्राण्याच्या डोक्यातून काढतात त्या औषधाचं नाव 'अमृता'. शब्द आपल्या घरचे आणि आपण पाटावर नाही. आमच्या हॉलमध्ये 'अमृता' ऐकून एक मुलगी हसली, तिचं तेच नाव असावं, कारण मग तिच्या अख्ख्या ग्रुपने तिला ढोसलं.

कथा कुठाय

मराठीत आला असता तर तुम्ही मराठीत बघितला असता का? खरं सांगा.

ठाण्याची मावशी

मी नसता. आईला नेलं असतं.

मीठ-मिरची

'काय अवतार करून आलायस' हे मराठीत डब कसं करणार होते तेवढं सांगा 😀

बंदरावरची

वरळी कोळीवाडा. बाबांना घेऊन गेले. ते आयुष्यात पाच-सहा वेळा थेटरात गेले असतील, दर्यावर चाळीस वर्षं रोज.

सुरुवातीचा तासभर झोपले. समुद्र आला तसे जागे झाले आणि मग शेवटपर्यंत परीक्षकासारखे बसले. जंगलातली पोरं पाण्यात त्या लांब मानेच्या जनावरावर बसायला जातात आणि फेकली जातात, तिथे खदाखदा हसले. श्वास शिकवतात तिथे मात्र मान हलवली. "खाली गेलं की आधी कान दुखतो. तो कुठं दाखवला?"

(इथून थोडा रहस्यभेद.) मग त्या देवमाशासारख्या प्राण्याची शिकार. पिल्लाबरोबर असलेल्या आईला मारतात, डोक्यात भोक पाडून एक छोटी कुपी भरून घेतात आणि बाकी सगळं धूड तसंच पाण्यात सोडून देतात. बाबा ताठ झाले. "येवरा मोठा मासा न् टाकून दिला?" बाजूच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

आमच्यात घोळ माशाचं असंच आहे, थोडंसं. पोटातली पिशवी, तिला बोत म्हणतात, तिला परदेशात सोन्याचा भाव. २०२१मध्ये पालघरच्या मुरबे गावातल्या एका बोटीला एका खेपेत १५७ घोळ लागले, १ कोटी ३३ लाख आले. घरोघरी तीच गोष्ट चालू होती. पण आम्ही मासा टाकत नाही, तो विकतो, खातो. बाबांचं म्हणणं एवढंच होतं आणि ते त्यांनी मध्यंतर नसताना अख्ख्या रांगेला समजावलं. कुणी 'शूऽऽ' केलं नाही, हे नवल.

परत येताना टॅक्सी सी-फेसवरून आली. कोस्टल रोडचे खांब दिसले. आमच्या बंदराच्या तोंडाशी दोन खांबांमधलं अंतर ६० मीटर ठेवलं होतं, वारा आणि उधाण असताना त्यातून होडी काढून दाखवा असं आमचे लोक किती दिवस सांगत होते. मला वाटलं बाबा आता त्यावर बोलतील. ते म्हणाले, "त्यांच्याकडे बोलायला आला तो मासा. आपल्याकडचा मासा बोलत नाय." मग घर येईपर्यंत गप्प.

रात्रपाळी

@बंदरावरची, बाबांना पुढच्या वेळी आमच्या ऑफिसात पाठवा. पाणी तपासायला माणूस हवाय.

खुणेची गोष्ट

माझी मुलगी कर्णबधिर आहे, चौदा वर्षांची. सिनेमे ती चित्रांवर बघते, बाकीचं मी मांडीवर हात ठेवून खुणांनी सांगते. थ्रीडीचा चष्मा, अंधार, माझे हात तिला दिसेनात. मला वाटलं पैसे पाण्यात.

मग पाण्याखाली ती माणसं हातांनी बोलायला लागली. तिने मला कोपर मारलं ते अजून दुखतंय. चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं, परत लावला. घरी येऊन शोधलं तर ती खुणांची भाषा सी. जे. जोन्स नावाच्या कर्णबधिर नटाने रचलेली आहे. हे तिला सांगितलं तेव्हा तिने 'मला माहीत होतं' अशी खूण केली. तिला माहीत नव्हतं. चौदा वर्षांची आहे, असं म्हणणारच.

आता घरात त्यातल्या दोन खुणा चालू आहेत. मला एकीचा अर्थ अजून सांगितलेला नाही.

खोली नंबर १४

पहिला भाग भावाबरोबर पाहिला होता. तेव्हा चष्मा परत द्यायचा असायचा, भावाने शर्टात लपवून आणला. घरी टीव्हीला लावून बघितला, काही झालं नाही.

चाळीतल्या खोलीवरून आम्ही दोन वर्षं बोलत नाही. सिनेमात बाप पोरांना सारखं सांगत असतो की आपण एकत्र राहायचं, ते ऐकून मला कंटाळा आला होता, खरं सांगतो. शनिवारी रात्री भावाचा व्हॉट्सअॅप आला. त्या जुन्या चष्म्याचा फोटो. एक काडी तुटलेली. खाली काही लिहिलेलं नाही.

मी अंगठा पाठवला.

लालबागचा लेफ्ट विंग

फोन कर रे.

खोली नंबर १४

बघतो.

पेन्शनर पार्लेकर

नातू म्हणतो तिसरा भाग आज, २०२२मध्ये, डिसेंबर २०२४साठी जाहीर झालाय. यांचा इतिहास बघता खात्री नाही. ठरल्या दिवशी आला तर मी ७८चा असेन. जो कुणी तिकिटं काढेल त्याला आत्ताच सांगून ठेवतो: कडेची सीट, खालच्या दाराजवळची. आणि नाकावर लावायला एक बँडेड.