पंक्चर काढून पुढचं चाक बसवल्यापासून डिस्क ब्रेक धरतोय

परभणी_१५०
दीडशे सीसीची गाडी. पुढे एकच डिस्क, सरकतं कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), एबीएस नाही. पंक्चरसाठी पुढचं चाक उतरवलं होतं. बसवल्यापासून मेन स्टँडवर हाताने फिरवलं की चाक अर्ध्या फेऱ्यात थांबतं. लिव्हर नेहमीसारखी कडक आहे. पाथरी रोडला तीन-चार किलोमीटर पुढचा ब्रेक न लावता चालवली तरी डिस्कवर पाण्याचा थेंब टाकला की चर्र होतो. पंक्चरवाला म्हणतो कॅलिपरचं किट (आतले रबर सील) गेलं, बदलून टाका. चाक काढायच्या आधी काहीच तक्रार नव्हती. किट खोलण्याआधी काय काय बघू?

पाना_नांदेड
किटला हात लावू नका. चाक काढल्याने किट जात नसतं.

आधी दाब अडकलाय का ते बघा. कॅलिपरच्या निपलला (ब्रेकमधली हवा काढायचा छोटा बोल्ट) पारदर्शक नळी लावा, दुसरं टोक बाटलीत सोडा आणि रिंग पान्याने निपल पाव फेरा उघडून लगेच बंद करा. ऑइल जोरात आलं आणि चाक मोकळं झालं, तर दोष मास्टर सिलिंडर (लिव्हरपाशी ऑइल दाबणारा भाग) किंवा होजकडे (ऑइलची नळी). फरकच पडला नाही, तर एक्सल, कॉलर (एक्सलवर चाकाशेजारी बसणारी नळी), पिना (ज्यांवर कॅलिपर सरकतं) नाहीतर चिकटलेला पिस्टन. ऑइल टाकीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलतो.

मग दोन्ही बोल्ट काढून कॅलिपर तारेने शॉकअपला टांगा, होजवर लोंबकळत ठेवू नका. पॅडमध्ये लाकडाची पट्टी घाला आणि लिव्हरला कोणाचा हात लागू देऊ नका. आता चाक फिरवा. तरी जड, तर ब्रेकचा संबंधच नाही. मीटर ड्राइव्ह (चाकावरून स्पीडोमीटर फिरवणारा भाग), कॉलर किंवा बेअरिंग बघा. ड्राइव्हच्या दोन जिभा हबच्या खाचेत बसायला लागतात आणि त्याच्या बाहेरची खाच शॉकअपवरच्या उंचवट्यात. जिभा खाचेबाहेर राहिल्या आणि नट आवळला की जिभा वाकतात, चाक जड होतं, मीटरचा काटाही हलत नाही.

कॅलिपर काढल्यावर चाक मोकळं फिरलं तर माझा पहिला संशय एक्सलवर. शॉकअपच्या खालच्या टोकाला एक्सल धरणारा पिंच बोल्ट असेल (काही गाड्यांना नसतो), तर तो एक्सल नटच्या आधी आवळला गेला की शॉकअपचा तो पाय आत किंवा बाहेर ओढलेला राहतो. डिस्क कॅलिपरच्या मधोमध येत नाही, एक पॅड सतत घासतं. उपाय फुकटचा आहे: पिंच बोल्ट ढिला, एक्सल नट पक्का, गाडी जमिनीवर, पुढचा ब्रेक धरून हँडल पाच-सहा वेळा जोरात खाली दाबा. शॉकअप आपल्या जागेवर आले की मगच पिंच बोल्ट आवळा. डाव्या-उजव्या कॉलरची लांबी वेगळी असते, त्यांची अदलाबदल झाली तरी लक्षण हेच.

बीड_गॅरेज
वरचं बरोबर, पण चाक बाहेर असताना कोणी लिव्हर दाबली होती का, हे विचारा. दाबली तर पिस्टन बाहेर येतो आणि चाक घालताना पॅड स्क्रूड्रायव्हरने फाकवतात. आपल्याकडची काळी माती पिस्टनच्या उघड्या भागावर वाळून बसलेली असते, ती थेट सीलपाशी जाते. पिस्टन मागे ओढायला वेगळी स्प्रिंग नसते. चौकोनी सील पिळला जातो आणि सुटताना पिस्टनला केसभर मागे आणतो. सीलच्या खाचेत माती गेली की तेवढंही होत नाही. पिस्टन ब्रेक ऑइलने पुसा. पेट्रोल किंवा पॉलिश पेपर नको.

कॅलिपर हाताने दोन्ही बाजूंना सरकतं का तेही बघा. पिना कोरड्या असतील तर पुसून सिलिकॉन ग्रीस लावा. चाकातलं साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिना आणखी अडकतात.

परभणी_१५०
निपल उघडलं, फरक नाही. कॅलिपर काढलं, चाक मोकळं. पिंच बोल्ट ढिला करून हँडल दाबलं, मग आवळला. आता चाक तीन फेरे फिरतं, पण दर फेऱ्यात एकाच जागी घासल्याचा आवाज येतो.

पाना_नांदेड
तीन फेरे पुष्कळ झाले. डिस्क ब्रेकला पॅडचा हलका स्पर्श असतोच, ड्रमसारखं भिंगरी फिरणार नाही. एकाच जागी घासतं म्हणजे डिस्क वाकडी किंवा नीट बसलेली नाही. चाक डिस्कच्या बाजूने जमिनीवर आडवं टाकलं होतं का? शॉकअपला तार बांधून टोक डिस्कपासून जेमतेम कागदाएवढं लांब ठेवा आणि चाक फिरवा. फट कमी-जास्त झालेली डोळ्याला दिसली तर डायल गेजवर मोजून घ्या. बहुतेक गाड्यांना मर्यादा ०.३ मिमीच्या आसपास असते, तुमच्या गाडीची मॅन्युअलमध्ये मिळेल. हातोडीने सरळ करू नका.

बीड_गॅरेज
हे होईपर्यंत लांब जाऊ नका, त्यात मे महिन्याचं ऊन. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत तग धरतं, पाणी शोषलेलं १५५ च्या आसपास उकळू शकतं. तसं झालं की लिव्हर सरळ ग्रिपला टेकते. थंड असताना मोकळं आणि तापल्यावरच धरायला लागलं, तर मास्टर सिलिंडरमधलं बारीक परतीचं छिद्र बुजलंय का आणि लिव्हरला थोडा प्ले (मोकळी हालचाल) आहे का, ते बघा. ब्रेक ऑइलच्या टाकीत ऑइल कमाल खुणेच्या वर नको.

आणि कॅलिपर परत बसवलं की गाडी हलवायच्या आधी लिव्हर कडक होईपर्यंत पंप करा. पिस्टन आत ढकललेला असला तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही.