नागपूरहून क्रूझ: कोणतं जहाज, कोणता मार्ग? जाऊन आलेल्यांनी लिहा

झिरोमाईल

तीन आठवडे झाले, आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला एकच विषय आहे. दिवाळीनंतर क्रूझवर जायचं एवढं ठरलं, पुढचं काहीच ठरत नाही. आम्ही सात जण. आई ७२ वर्षांची, गुडघ्यांचं दुखणं जुनं. बाबांना बंदरं पाहायची आहेत. मी, बायको, बहीण, मोठा मुलगा नववीत. धाकटा ५ वर्षांचा, त्याला जहाजावरची घसरगुंडी सोडून कशातच रस नाही. लहानपणी अंबाझरीत बसलो होतो ती बोट सोडली, तर आमच्यापैकी कोणी पाण्यावर तासभरसुद्धा काढलेला नाही.

एजंटाने चार पर्याय दिलेत: मुंबईहून लक्षद्वीप, सिंगापूरहून मलेशिया-थायलंड, दुबईकडची आखाती फेरी आणि युरोपात भूमध्य समुद्रातल्या सात रात्री. माहितीपत्रकं चारही सारखीच निळीशार, चारहींवर तेच हसरं जोडपं. भाव मी काढून घेईन. तुमचं काय चुकलं, घरातल्या कोणाला काय झेपलं, ते लिहा.

तर्रीपोहे

भाऊ, मुंबई-गोवा-लक्षद्वीप मी केलं आहे. जहाज एम्प्रेस, १९९० सालचं. आधी रॉयल कॅरिबियन कंपनीकडे होतं, २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीच्या नावाने मुंबईहून सुटतं. आजच्या अजस्र जहाजांपुढे ते लहानच. पण दुसऱ्या दिवशी माझे बाबा न विचारता केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत जाऊन येऊ लागले, हा लहान जहाजाचा फायदा कोणी सांगत नाही. देशातल्या देशात फेरी असल्याने आधार कार्डावर काम झालं.

सीएसएमटीला उतरलं की जहाज सुटतं तो बॅलार्ड पिअरचा धक्का जेमतेम दोन किलोमीटर, त्यामुळे मी हुशारी केली. सकाळी मुंबई आणि दुपारी जहाज. गाडी तीन तास उशिरा पोचली. टॅक्सीत बायको एक शब्द बोलली नाही, त्यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. चेक-इन बंद व्हायला पंधरा मिनिटं असताना आत शिरलो. आदल्या दिवशी मुंबई गाठा, हात जोडतो.

दुसरं म्हणजे लक्षद्वीपचं अगत्ती बेट. मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेरच थांबतं, पुढे लहान बोटीने जावं लागतं. आमच्या वेळी समुद्राला उसळ होती म्हणून उतरणंच रद्द झालं. निर्णय बरोबरच होता, पण निळंहिरवं पाणी समोर दिसून राहिलं आणि आपण कठड्याला टेकून उभे. पोट्टे रडले. मीही रडायच्या बेतात होतो.

निवृत्त गुरुजी

लक्षद्वीपच पाहायचे असेल तर दुसरी एक वाट आहे, ती एजंट सहसा सांगत नाहीत. लक्षद्वीप प्रशासनाची पर्यटन संस्था कोचीहून 'समुद्रम' नावाची सहल काढते. एम. व्ही. कवरत्ती जहाजाने पाच दिवसांत कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय. दिवसा बेटावर, रात्री जहाजावर. परवाना सहलीतच काढून देतात. आम्ही दोघे केरळ एक्स्प्रेसने नागपूर ते एर्नाकुलम गेलो, दोन पुस्तके वाचून झाली.

या जहाजावर घसरगुंडी नाही, नाचगाणे नाही, बेटांवर दारूबंदी आहे. मला तिन्ही गोष्टी मानवल्या. मिनिकॉयला १८८५ सालचे दीपगृह आहे. वर चढून एका बाजूला स्थिर सरोवरासारखे खाजण आणि दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र दिसतो. ते पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "आता घरी गेलं तरी चालेल."

मात्र आपल्या मातोश्रींसाठी सांगतो. जहाजाच्या बाजूच्या दारातून खाली हलणाऱ्या बोटीत पाऊल टाकावे लागते. खलाशी दोन्ही दंड धरतात, तरी ती बोट वरखाली होत असते. दुखऱ्या गुडघ्यांना तो एक क्षण फार मोठा वाटतो.

मनीषनगरची मोठी सून

आम्ही तेरा जण होतो, त्यामुळे मला बोलायचा हक्क आहे! सिंगापूरहून गेंटिंग ड्रीम जहाज, तीन रात्री. आम्ही दोघं, सासूबाई, सासरे, दोन दीर-जावा, पाच मुलं.

आधी केबिनचा हिशेब समजून घ्या, कारण आमचं भांडण तिथूनच सुरू झालं. भाडं एका खोलीत दोन माणसं धरून लावतात. तिसरा-चौथा माणूस त्याच खोलीत वरच्या बर्थवर झोपला तर त्याचं भाडं बरंच कमी पडतं. पण बंदराचे कर आणि रोजची टीप त्यालाही लागते, अगदी पाच वर्षांच्या मुलालाही. कोटेशनमध्ये हे आकडे धरलेत का ते विचारा. धाकट्या दिरांनी फक्त वरचा आकडा बघून "किती स्वस्त!" म्हणून आरोळी ठोकली होती, शेवटच्या दिवशी बिल आलं तेव्हा गप्प.

सासूबाईंसाठी बाल्कनी घेतली, आम्ही बिनखिडकीच्या खोल्यांत. तिथे सकाळ झालेली कळत नाही, मुलं साडेनऊपर्यंत मेल्यासारखी झोपली. सगळ्यांचा चहा मात्र सासूबाईंच्या बाल्कनीत. घरी जशी त्यांच्या खोलीत पंचायत भरते, अगदी तशीच.

मार्गाचं म्हणाल तर पेनांगला जहाज थेट धक्क्याला लागतं आणि बाहेर पडलं की जॉर्जटाऊन सुरू. सासूबाई चालत लिटल इंडियापर्यंत गेल्या, तिथे डोसा खाल्ला आणि "हे तर आपलंच आहे" म्हणाल्या. माझी बहीण फुकेतच्या फेरीला गेली होती, तिथे त्यांचं जहाज पटाँग किनाऱ्यासमोर नांगर टाकून उभं राहिलं आणि लहान बोटींनी नेलं. गुरुजी म्हणतात तोच प्रकार. क्वालालंपूर लिहिलं असेल तर जहाज पोर्ट क्लांगला लागतं, शहर तिथून बसने तासाभरापेक्षा जास्त. म्हणजे बंदराचं नाव वाचा, शहराचं नको.

व्हिसा: क्रूझवर निघालात की सिंगापूर सोडलं आणि परत आलात की पुन्हा प्रवेश. मल्टिपल एंट्री आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आमच्या शेजाऱ्यांच्या एजंटाने एका पोरीचा सिंगल एंट्री काढला होता, ते निघायच्या चार दिवस आधी लक्षात आलं.

आणि जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर. नाहीतर फोन आपोआप जहाजाचं नेटवर्क पकडतो. आमच्या नवऱ्यांनी स्टेटस टाकलं, ते आयुष्यातलं सगळ्यात महाग स्टेटस ठरलं.

सक्करदऱ्याचा भाऊ

आखातवाली फेरी जानेवारीत केली. नागपूरहून शारजाहचं थेट विमान, मुंबईची झंझट नाही, हेच पहिलं सुख. तिकडची जहाजं हिवाळ्यातच असतात, उन्हाळ्यात तिथलं ऊन आपल्या मे महिन्यालाही लाजवते. अबू धाबीची शेख झायेद मशीद पाहायची तर बायांना डोकं झाकायला ओढणी लागते, लक्षात ठेवा. बाकी समुद्र एकदम शांत, तलावासारखा. पण खरं सांगू काय? शहरं सगळी काचेची. तिसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "मॉलच पाहाचा होता तं इथलाच पाहिला असता नं बाप्पा."

धरमपेठ ते जिनोआ

युरोपबद्दल मी थोडी कडवट आहे, आधीच सांगते. सात रात्री, सहा बंदरं. कागदावर वाचताना छाती फुगते. प्रत्यक्षात रोज सकाळी सातला नाश्ता, आठला रांग, संध्याकाळी पाचच्या आत परत. 'रोम' म्हणून जे लिहिलेलं असतं ते चिविताव्हेकिया नावाचं बंदर, रोम तिथून सुमारे ८० किलोमीटर. जाणं-येणं वजा करता रोमला पाच तास मिळाले. कोलोसियम बाहेरून, कारंजं गर्दीच्या डोक्यांवरून. नेपल्स त्या मानाने बरं, पाँपेई जवळ आहे.

स्वतःच्या हिंमतीवर फिरलात आणि उशीर झाला तर जहाज थांबत नाही. जहाजाच्याच सहलीची बस अडकली तर थांबतं. त्या भीतीने माझ्या नवऱ्याने रोममध्ये पुतळ्यांपेक्षा घड्याळच जास्त पाहिलं.

चौथ्या दिवशी, फ्रान्सच्या मार्से बंदरात, आईने संप केला. "तुम्ही जा, मी येत नाही." परत आलो तर बाई रिकाम्या डेकवर, पाय पसरून, हातात थंड लिंबूपाणी. सगळं जहाज खाली उतरलेलं, तिला एकटीला चार वेटर. अजूनही सहलीतला सगळ्यात चांगला दिवस कोणता विचारलं की तोच सांगते. झिरोमाईल, तुमच्या आईंसाठी बंदरं मोजू नका, समुद्रातच असण्याचे दिवस मोजा.

गोळ्यांची पिशवी

केबिन जहाजाच्या मध्यावर आणि शक्यतो खालच्या मजल्यावर घ्या, हेलकावे कमी जाणवतात. टोकाकडची, उंचावरची बाल्कनी फोटोत छान, पोटाला नाही. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर उपयोग कमी. घरात कोणी गरोदर असेल तर बऱ्याच कंपन्या २४व्या आठवड्यापासून घेत नाहीत, आणि सहा महिन्यांखालचं बाळही नाही. आमची तिकिटं त्यापायी बदलावी लागली होती. गोड कारण होतं, पैसे मात्र गेले.

सांबारवडी

कोणी जेवणाचं लिहिलंच नाही! शाकाहारी, जैन जे हवं ते बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. मी इलेक्ट्रिक किटली नेली होती, बॅग तपासताना काढून घेतली, उतरताना परत दिली. इस्त्रीचंही तसंच. चिवड्याचं पाकीट मात्र सुखरूप पोचलं, आणि तिसऱ्या दिवशी क्रीम-चीजला कंटाळलेली चार मराठी कुटुंबं आमच्या केबिनचा पत्ता विचारत आली.

आणि ती सुरुवातीची जीवरक्षक कवायत चुकवू नका. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा काँकॉर्डिया खडकावर आदळून कलंडली, तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत व्हायची होती. तेव्हापासून जहाज सुटायच्या आतच ती उरकतात. आमचे काका "मी पोहतो" म्हणून यायला तयार नव्हते. कुठे पोहता, तर गावच्या विहिरीत.

झिरोमाईल

सगळ्यांना धन्यवाद. काल रात्री सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. हलत्या बोटीत उतरायचं ऐकताच आईने लक्षद्वीपवर काट मारली. बाबा गुरुजींच्या दीपगृहापाशी अडकले, पुढच्या वर्षी मी एकटा जाईन म्हणतात. युरोप बायकोनेच बाजूला ठेवला.

तर सिंगापूर, पेनांगची फेरी, मध्यावरच्या दोन शेजारशेजारच्या केबिन आणि एक बाल्कनी. बाल्कनीत आई-बाबा की आम्ही, यावर मतदान झालं, आम्ही हरलो. मल्टिपल एंट्रीचं एजंटाकडून लिहून घेतलं.

एकच राहिलं. मोठ्या घसरगुंडीला उंचीची अट असते म्हणतात. धाकट्याला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं करून पेन्सिलीने खूण केली आहे, १०९ सेंटीमीटर. रोज सकाळी तो दूध पिऊन पुन्हा मोजायला येतो. कोणाचं पोर तिथे घसरून आलं असेल तर अट किती आहे ते कळवा.