आउटबोर्डला पेट्रोल नक्की किती लागतं, कसं मोजायचं? (हतनूर बॅकवॉटर)

संगमकाठ:
राम राम मंडळी. आमच्या मच्छीमार संस्थेची वीस फुटी फायबरची होडी आहे, मागे 9.9 एचपीचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन. चांगदेवच्या संगमापासून खाली हतनूरच्या फुगवट्यात जाळी टाकायला आणि उचलायला जाते. पेट्रोल मुक्ताईनगरहून कॅनने येतं, त्यात 50 ला 1 ऑईल.

भांडण पेट्रोलवरून आहे. खजिनदार विचारतात, "गाडी अ‍ॅव्हरेज किती देते?" होडी चालवणारे तिघं तीन आकडे सांगतात. टाकीवरचा काटा लाटेबरोबर वरखाली होतो, त्याचा भरवसा नाही. ऑनलाइन एक फ्लो सेन्सर दिसला, नळीतून किती पेट्रोल वाहिलं ते मोजणारा, स्वस्त आहे. घेऊ का? की दुसरा काही उपाय?

केळीवाला_रावेर:
एवढं काय त्यात? टाकी गच्च भरून न्या, आल्यावर परत गच्च भरा. जेवढं मावलं तेवढं जळालं. मोटरसायकलला आपण हेच करतो.

पंपसेट_नाना:
रावेरवाले भाऊ, मोटरसायकल स्टँडवर सरळ उभी राहते. होडीतली टाकी कधी या कुशीवर, कधी त्या. तोंडापर्यंत भरताना अर्धा लिटर इकडेतिकडे सहज होतो, आणि इथे एका फेरीत जळतंच दोन-तीन लिटर. मग त्या मापाला काय अर्थ राहिला?

संगमकाठ, तो सेन्सर घेऊ नका. मी नवापूरकडे उकाईच्या पाण्यावर होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, त्याआधी आयुष्य शेतातल्या डिझेल पंपांवर गेलं. ते प्लास्टिकचे स्वस्त सेन्सर पाण्यासाठी असतात. मिनिटाला लिटरभर वाहिलं तर आतलं चक्र नीट फिरतं. तुमचं इंजिन तासाला साडेतीन लिटर प्यायलं तरी मिनिटाला साठ मिली होतात. चक्र हलणारच नाही, हललं तर आकडा खोटा देईल. शिवाय ते प्लास्टिक पेट्रोलसाठी बनलेलं नसतं. नळीत जादा सांधा आला की तिथून हवा ओढली जाते किंवा पेट्रोल झिरपतं. पाण्याच्या मध्यात दोन्ही नकोत.

बारीक प्रवाहाचे, खास पेट्रोलचे मीटर मिळतात, पण 9.9 साठी एवढा खर्च मला पटत नाही. मोठ्या फ्युएल इंजेक्शनच्या इंजिनांत कॉम्प्युटरच इंजेक्टर किती वेळ उघडा होता यावरून हिशेब करून आकडा दाखवतो. आपल्या कार्बोरेटरला ते सुख नाही.

उपाय साधा आहे: टाकी तोला. केळीच्या वखारीत इलेक्ट्रॉनिक काटा असतोच, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा बघा. इंजिन बंद, नळी काढलेली, टाकी काठावर मोकळ्या हवेत, आणि बिडीवाल्याला आधी लांब पाठवा. निघताना तोला, आल्यावर तोला. समजा निघताना 14.26 किलो भरली आणि आल्यावर 12.41. फरक 1.85 किलो. पेट्रोल लिटरला साधारण 740 ग्रॅम भरतं, म्हणजे अडीच लिटर गेलं. घनता पंपावर विचारली की सांगतात, तीच धरा. वजनाचा आणखी एक फायदा आहे: आपल्याकडच्या मे महिन्यात पेट्रोल फुगतं, दहा अंशाला साधारण एक टक्का. लिटरने मोजाल तर सकाळचं आणि दुपारचं माप जुळणार नाही. किलो तेवढाच राहतो.

आता खजिनदारांच्या अ‍ॅव्हरेजचं. होडीला एकच अ‍ॅव्हरेज नसतं, हे त्यांना आधी पटवा. वरच्या अडीच लिटरात समजा पाऊण तास चाललात आणि मोबाइलच्या जीपीएसवर आठ किलोमीटर झाले. म्हणजे तासाला 3.3 लिटर, लिटरला 3.2 किलोमीटर. तीच होडी मूठ (इंजिनाच्या दांड्यावरचा अ‍ॅक्सिलरेटर) कमी करून ताशी आठने न्या, तासाला दीड-पावणेदोन लिटरवर येईल आणि लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास देईल. वीस फुटी होडी ताशी अकराच्या आसपास पोहोचली की स्वतःच उठवलेल्या लाटेत अडकते. त्यापुढे मूठ पिळली की पेट्रोल जळतं, आवाज वाढतो, वेग वाढत नाही. तुमचे तिघं चालवणारे तीन आकडे सांगतात ना, तिघंही खरं बोलत असतील. मुठी तीन आहेत.

केळीवाला_रावेर:
काटा आमच्याकडचा न्या, पण पेट्रोलचा वास केळीला लागला तर व्यापारी मला तोलेल 😄

संगमकाठ:
नाना, लई भारी समजावलं. पण मूठ किती पिळली हे लिहायचं कसं? आणि पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडे असले की पाण्याला ओढ असते. जाताना सुसाट, येताना रडत. तेव्हा कोणता आकडा धरायचा?

पंपसेट_नाना:
मुठीवरची खूण विसरा, आरपीएम लिहा, म्हणजे इंजिनाचे मिनिटाला किती फेरे होतात ते. प्लगच्या वायरीला वायर गुंडाळून चालणारा, हे फेरे दाखवणारा छोटा टॅकोमीटर मिळतो, फार महाग नाही. तो प्लगच्या ठिणग्या मोजतो, म्हणून इंजिनाप्रमाणे सेटिंग निवडावं लागतं. नाही निवडलं तर दुप्पट किंवा निम्मा दाखवेल. त्याचा दुसरा उपयोग मोठा आहे. ओल्या जाळ्यांचं वजन घेऊन पूर्ण मूठ पिळल्यावरही पुस्तिकेतल्या कमाल आरपीएमच्या खालच्या टोकाला इंजिन पोहोचत नसेल, तर पंख्याचा पिच (एका फेऱ्यात पंखा पाण्यात जेवढा पुढे सरकेल ते अंतर) जास्त आहे. इंजिन दबून चालतं. मग कमी पिचचा पंखा लावा.

ओढीबद्दल: एकाच आरपीएमवर दोन खुणांमध्ये जाऊन परत या, आणि सगळे किलोमीटर भागिले सगळे लिटर करा. दोन अ‍ॅव्हरेजची सरासरी काढू नका. जाताना दोन किलोमीटरला 0.4 लिटर म्हणजे पाच, येताना 0.8 म्हणजे अडीच. सरासरी पावणेचार दिसते, पण खरं चार किलोमीटरला 1.2 लिटर, म्हणजे 3.3. खजिनदार पावणेचारवर अडून बसतील, बघा.

तापी_बोट:
एक भर. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये लिटरमागे ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के कमी असते, म्हणून जुन्या वहीतल्या आकड्यांशी तुलना करू नका. आणि ते पाणी ओढून घेतं. अर्धा रिकामा कॅन महिनाभर काठावर ठेवला तर पाणी-इथेनॉल तळाशी वेगळं बसू शकतं, ते इंजिनात गेलं की मोजायला काही उरत नाही. लागेल तेवढंच आणा, झाकण घट्ट ठेवा.

संगमकाठ:
ठीक. जाळी उचलताना इंजिन तासभर नुसतं डुगडुगत असतं, एक किलोमीटरही होत नाही. तो खर्च कुठे टाकायचा?

पंपसेट_नाना:
वेगळ्या रकान्यात. त्याचं माप तासाला लिटरमध्येच लिहा. जाळ्यापर्यंत पोहोचलात की टाकी बदला, छोटा पाच लिटरचा कॅन वेगळा जोडा, तोही तोललेला. मग प्रवासाचं आणि जाळ्याचं पेट्रोल आपोआप वेगळं पडतं. नळी बदलल्यावर नळीतला रबरी पंपाचा फुगा टणक होईपर्यंत दाबा, नाहीतर इंजिन मध्येच बंद पडेल आणि दोष काट्याला द्याल.