दहावी गणित : सूत्रं पाठ, तरी मार्क जातात. सराव कसा घ्यावा?

तासगावकर_७ : मुलगी दहावीला, मराठी माध्यम. सूत्रं पाठ आहेत, पण क्रेमरची पद्धत, मध्यक आणि स्पर्शिकेची रचना यांत हमखास मार्क जातात. आणखी एक गाईड घ्यावं की क्लास लावावा? रोज सांगलीला पाठवणं जमणार नाही.

कृष्णाकाठ : दोन्ही नको. बालभारतीचं पुस्तक पुरे, फक्त प्रकरणाअखेरचा संकीर्ण प्रश्नसंग्रह सोडू देऊ नका. सूत्र पाठ असून मार्क जातात म्हणजे चूक सूत्रात भरायच्या किमतींत आहे.

क्रेमर घ्या, म्हणजे दोन समीकरणं निश्चयकाने (सहगुणकांच्या तिरप्या गुणाकारांची वजाबाकी) सोडवायची पद्धत. ३एक्स − ४वाय − १० = ० आणि ४एक्स + ३वाय = ५. आधी १० उजवीकडे न्यायचे, मगच निश्चयक. डी = ३×३ − (−४)×४ = ९ + १६ = २५. इथे −४ ला कंस घातला नाही की उत्तर −७ येतं आणि पुढचं सगळं बिघडतं. डीएक्स = १०×३ − (−४)×५ = ५०, डीवाय = ३×५ − १०×४ = −२५. म्हणून एक्स = डीएक्स/डी = २, वाय = डीवाय/डी = −१. किमती दोन्ही समीकरणांत घालून बघायच्या, अर्धं मिनिट लागतं.

मध्यकासाठी आपल्याकडचंच उदाहरण करून द्या. ५० शेतकऱ्यांचा एकरी ऊस, टनांत: २०–२९ मध्ये ७, ३०–३९ मध्ये १०, ४०–४९ मध्ये २०, ५०–५९ मध्ये ८, ६०–६९ मध्ये ५ (आकडे सरावापुरते). वर्ग सलग नाहीत, म्हणून १९.५–२९.५ असे करून घ्यायचे. संचित वारंवारता ७, १७, ३७, ४५, ५०. एन/२ = २५, म्हणजे मध्यक वर्ग ३९.५–४९.५. सूत्रात सीएफ (संचित वारंवारता) अगोदरच्या वर्गाची, १७.

मध्यक = ३९.५ + (२५ − १७)/२० × १० = ४३.५ टन

पोरं सीएफ म्हणून ३७ घेतात, मग ३३.५ येतं. ते मध्यक वर्गाच्या बाहेर पडलं, तिथेच चूक कळायला हवी. एल (मध्यक वर्गाची खालची मर्यादा) ३९.५ ऐवजी ४० घेतला तर मात्र ४४ येतं, वर्गातच बसतं आणि चूक लपते. त्यामुळे सलग वर्गांचा रकाना आखल्याशिवाय सूत्राला हात लावू देऊ नका.

कंपासपेटी_विटा : वरच्याशी सहमत, पण भूमितीला नुसतं पुस्तक पुरत नाही, हात बसावा लागतो. केंद्र ओ, त्रिज्या २.५ सेमी, ओपी = ६.५ सेमी घेऊन पी मधून स्पर्शिका काढायला सांगा. ओपी चा लंबदुभाजक, मध्यबिंदू एम, एम केंद्र आणि एमओ त्रिज्या धरून कंस. तो वर्तुळाला जिथे छेदेल ते स्पर्शबिंदू, कारण अर्धवर्तुळातला कोन काटकोन. आता पट्टीने मोजा: पायथागोरसने ४२.२५ − ६.२५ = ३६, म्हणजे स्पर्शिका बरोबर ६ सेमी यायला हवी. ५.७ वगैरे आली तर बहुतेक वेळा कंपासचा स्क्रू ढिला असतो. दुभाजकाचे कंस खोडू नयेत, रचनेचे मार्क त्यांनाही असतात.

तासगावकर_७ : आभार. वर्गसमीकरणात (एक्स − ३)(एक्स + २) = ६ आलं की ती दोन्ही कंस ६ बरोबर मांडते. बरोबर का?

कृष्णाकाठ : नाही. गुणाकार ० असेल तरच कंस सुटे करता येतात. कंस उघडा, ६ डावीकडे आणा: एक्सचा वर्ग − एक्स − १२ = ०. अवयव (एक्स − ४)(एक्स + ३), मुळे ४ आणि −३. तिच्या रीतीने ९ आणि ४ येतात. त्यातलं ४ योगायोगाने बरोबर आहे, म्हणून तिला ९ घालून बघायला सांगा: ६ × ११ = ६६.