सोजर्नर ट्रुथ यांची बोली
गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकन कार्यकर्त्या सोजर्नर ट्रुथ यांचे स्त्रियांच्या हक्कांवरील १८५१ सालचे ॲक्रन (ओहायो) येथील भाषण अनेकदा अमेरिकेच्या दक्षिणेकडील गुलामांच्या बोलीत उद्धृत केले जाते, म्हणून थोडी भर घालतो. तो पाठ स्त्री-हक्क कार्यकर्त्या फ्रान्सेस गेज यांनी तब्बल बारा वर्षांनी, १८६३ मध्ये छापला. भाषणानंतर महिन्याभरातच ओहायोतील वृत्तपत्रात आलेल्या वृत्तान्तात ‘मी बाई नाही का?’ हे गाजलेले पालुपद नाही. शिवाय बाई जन्मल्या न्यूयॉर्क राज्यात, डच मालकाकडे. सुमारे नऊ वर्षांच्या असताना मेंढ्यांसह शंभर डॉलरला विकल्या गेल्या तेव्हा त्यांना डचखेरीज भाषाच येत नव्हती, आणि नव्या घरचे इंग्रजी हुकूम न कळल्याने मार खावा लागला. मला भाषणापेक्षा १८२८ चा खटला मोठा वाटतो. बेकायदा अलाबामात विकला गेलेला मुलगा, पीटर, त्यांनी न्यायालयातून परत मिळवला, तेव्हा त्याच्या पाठीवर फटक्यांचे वण होते.