गावाहून आलो आणि पहिली मैफल ऐकली. तुमची कुठली?

मोठ्या शहरात नवखे असताना ऐकलेली एखादी मैफल, एखादी कॉन्सर्ट डोक्यातून जात नाही. ती लिहा. कोण गायलं ते लिहाच, पण तिथे पोचलात कसे, शेजारी कोण बसलं होतं, फजिती काय झाली, तेही येऊ द्या. सुरुवात मी करतो.

2005 साली अंबाजोगाईहून पुण्यात शिकायला आलो. गाणं म्हणजे आमच्याकडे गुरुवारचं भजन आणि सप्ताहातलं कीर्तन. डिसेंबरात रूममेट म्हणाला, "चल, सवाईला जाऊ." मला वाटलं हॉटेलचं नाव असेल. रमणबागेच्या मैदानावर हा भला मोठा मांडव. आमचं तिकीट भारतीय बैठकीचं, आणि जागा मिळाली ती एका आजोबांच्या सतरंजीच्या कडेला. गायक येऊन बसले, तानपुरे सुरू झाले. चांगली पाच-सात मिनिटं तेच. सगळे शांत, म्हणून मीही मान डोलवली आणि जरा मोठ्यानेच "वा!" म्हटलं. आजोबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, "अजून सूर लावतायत, बाळ."

मग त्यांनी माझा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला आणि मात्रा मोजायला लावलं. विलंबित एकताल, म्हणजे बारा मात्रांचा, अगदी संथ. एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरं होईतो माझं लक्ष तीनदा उडायचं. पण बऱ्याच वेळाने एकदा सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार हे मला क्षणभर आधी कळलं. ती आली आणि अख्ख्या मांडवाच्या माना एकदम खाली गेल्या. माझीही गेली. नंतर सुट्टीत घरी गेलो तर भजनातल्या पखवाजवाल्याकडे बघायची माझी नजरच बदललेली.

शेवटच्या दिवशी तर मंच रिकामा, आणि स्पीकरवरून जुनी खरखरती ध्वनिमुद्रिका. हजारो माणसं रिकाम्या मंचाकडे बघत बसलेली. मी रूममेटला हळूच विचारलं, "गाणारा कुठाय?" तो म्हणाला, "1952 सालीच गेला." ते खुद्द सवाई गंधर्व होते. भीमसेनजींनी गुरूच्या स्मरणार्थ 1953 पासून हा उत्सव चालवला, हे मला त्या रात्री चहाच्या टपरीवर कळलं. आता महोत्सव मुकुंदनगरला असतो. जागा ऐसपैस आहे, पार्किंगही मिळतं. तरी मला आपली रमणबागच हवी.

•••

माझी मुंबईतली. कणकवलीहून आले, डोंबिवलीला आत्याकडे राहायचे. 3 फेब्रुवारीला तबलावादक उस्ताद अल्लारखांची बरसी, म्हणजे पुण्यतिथीची मैफल असते, षण्मुखानंद सभागृहात, आणि पहिलं सत्र भल्या पहाटे. अंधारात लोकल पकडून सायनला उतरले. सकाळचे राग मी तोवर कॅसेटवर, संध्याकाळी भाजी चिरताना ऐकलेले. खऱ्या सकाळी ऐकले ते त्या दिवशी पहिल्यांदाच. (दुसऱ्या कलाकाराच्या आलापीत गाढ झोपले, तेही सांगून टाकते.) रात्री त्यांचे चिरंजीव झाकीर हुसेन, आपले झाकीरभाई, तबल्यावर बसले. मी अगदी वरच्या बाल्कनीत, त्यामुळे चेहरा काही दिसला नाही. केस उडताना तेवढे दिसले. घरी आल्यावर आत्या म्हणाली, "दिसभर तबलोच ऐकलंस? जेवलंस काय?"

डिसेंबर 2024 मध्ये झाकीरभाई गेले. पुढची 3 फेब्रुवारी आली तेव्हा पहाटे आपोआप जाग आली, आणि मग नुसतीच पडून राहिले.

•••

लंडनला नोकरीसाठी आलो तेव्हा पैसे मोजून वापरायचे दिवस होते. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये उन्हाळ्यात प्रॉम्स नावाच्या पाश्चात्त्य संगीताच्या मैफली असतात आणि उभं राहून ऐकायचं तिकीट स्वस्त. तेव्हा पाच पौंड. रांगेत लोक घरून डबे आणून गवतावर बसावं तसे फुटपाथवर बसलेले. आत गेलो तर स्टेजच्या अगदी समोर उभा! खुर्च्यांवरचे महागडे लोक माझ्या मागे. सिंफनीचा पहिला भाग धडाक्यात संपला आणि मी जोरात टाळी वाजवली. एकट्यानेच. मधे वाजवायची नसते म्हणे. आपल्याकडे एवढ्या तिहाईला (तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं) दाद दिली नसती तर वाजवणाऱ्याने मान वर करून बघितलं असतं.

•••

धागाकर्ते, तुमचं "वा" वाचून बरं वाटलं. मला वाटायचं मी एकटाच.

•••

बँकेच्या बदलीमुळे एका वर्षीचा जानेवारी महिना कलकत्त्यात गेला. तिथली डोव्हर लेनची संगीत परिषद, नजरुल मंच या सभागृहात, रात्रभर. अर्ध्या प्रेक्षागृहाच्या डोक्यावर माकडटोपी, मांडीवर थर्मास. पुण्यातही एके काळी सवाई असंच रात्रभर चालायचं, ते फक्त वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. पहाटे भैरवीच्या वेळी शेजारच्या बाईंनी न विचारता माझ्या पेल्यात चहा ओतला. एक शब्द बोलल्या नाहीत, गाणं चालू होतं ना.

•••

माझा अनुभव कॉन्सर्टचा म्हणता येईल का माहीत नाही. जळगावहून नेरुळला आलो, पीजीत चौघे. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले हा इंग्रजी बँड तिथल्याच डी. वाय. पाटील स्टेडियमला. तिकिटासाठी ॲपवर रांगेत नंबर लागला तो लाखांत, नाद सोडला. त्या रात्री चौघे गच्चीवर चढलो. गाणं अर्धं ऐकू येई, अर्धं वारा घेऊन जाई, पण लोक एकत्र गायला लागले की ते मात्र स्पष्ट. आम्हीही सुरू झालो. तेवढ्यात मालक काका वर आले. आता बोलणी बसणार म्हणून गप्प झालो. ते टाकीला टेकून दहा मिनिटं उभे राहिले, स्टेडियमच्या वरचा रंगीत उजेड बघत. मग म्हणाले, "उद्याही आहे का हे? मग हिलाही वर घेऊन येतो."