टेक्सासमधील दुकानाच्या दारावर पिस्तूलबंदीचा फलक: कोणता लावावा? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

ह्यूस्टनच्या एका उपनगरात आम्हा दोघा भागीदारांचे भारतीय किराणा मालाचे दुकान आहे. आतच वडापाव आणि चहा मिळतो, त्यामुळे शनिवार-रविवारी मुलाबाळांसह गर्दी असते. अलीकडे एक गृहस्थ कमरेला पिस्तूल सर्वांना दिसेल असे लावून येतात. वागणे अत्यंत सभ्य; पण तांदळाची गोणी उचलायला ते वाकले की पिस्तुलाची मूठ मागच्या लहान मुलाच्या अगदी डोळ्यांसमोर येते आणि त्याची आई रांग सोडून बाजूला होते.

येथे १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसलेल्या २१ वर्षे व त्यावरील व्यक्तीला परवान्याशिवायही पिस्तूल बाळगता येते, आणि दुकानदाराने मनाई केली नसेल तर ते घेऊन दुकानात येण्यासही सहसा आडकाठी नसते. मनाईसाठी दंडसंहितेची तीन वेगवेगळी कलमे आहेत: ३०.०६ परवानाधारकाने लपवून आणलेल्या पिस्तुलासाठी, ३०.०७ त्याने उघडपणे आणलेल्या पिस्तुलासाठी आणि ३०.०५ विनापरवाना व्यक्तींसाठी. पहिल्या दोन्ही फलकांवर कायद्यातलाच मजकूर, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, किमान एक इंच उंचीच्या ठळक अक्षरांत असावा लागतो. पिस्तुलावर फुली मारलेले नुसते चित्र परवानाधारकाच्या बाबतीत पुरत नाही. (आमच्या काचेच्या दारावर मंडळाच्या गणेशोत्सवाची आणि दिवाळी फराळाची पत्रके आधीच आहेत, तीन फलक लावले तर आतले दुकान दिसणारच नाही.) फलक डावलून कोणी आत आल्यास दंड जास्तीत जास्त २०० डॉलर आहे, मात्र तोंडी सांगूनही तो बाहेर गेला नाही तर गुन्हा बराच गंभीर ठरतो.

भागीदाराचे म्हणणे असे की, फलक लावणे म्हणजे आत कोणाकडेही शस्त्र नाही हे चोराला आपणहून कळवणे. मला हे पटत नाही, कारण लुटायला आलेला माणूस दारावरचे कलम वाचत थांबत नाही. तरीही सरसकट बंदी मलाही नको आहे. लपवून आणलेले पिस्तूल कोणाला दिसत नाही, आणि असे काही नेहमीचे ग्राहक आम्हाला दुखवायचे नाहीत. केवळ ३०.०७ लावावे असा माझा कल आहे. अडचण अशी की ते कलम परवानाधारकांपुरतेच आहे, आणि ३०.०५ चा नमुना मजकूर 'शस्त्रासह प्रवेश नाही' असा सरसकट असल्यामुळे विनापरवाना, पण लपवून बाळगणाराही त्यात अडकतो.

टेक्सासमधल्याच एल पासो येथे वॉलमार्टच्या दुकानात ३ ऑगस्ट २०१९ रोजी झालेल्या गोळीबारात २३ जणांचा बळी गेला. त्यानंतर वॉलमार्टने ग्राहकांना शस्त्र उघडपणे न आणण्याची केवळ विनंती केली होती. लहान दुकानात अशा विनंतीचा कितपत उपयोग होतो? ज्यांनी फक्त ३०.०७ लावले आहे, ते विनापरवाना ग्राहकाला कसे सांगतात? आणि हे बोलणे गल्ल्यावरच्या मुलांवर सोपवता की मालकाने स्वतः पुढे व्हावे असा नियम ठेवला आहे? आमच्याकडे गल्ल्यावर बहुधा कॉलेजात शिकणारी मुले असतात.

टेक्सासमध्ये स्वतःचे दुकान किंवा उपाहारगृह चालवणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे. वकिलाकडे जाणारच आहोत. त्याआधी गल्ल्यामागे उभे राहणाऱ्यांचा अनुभव हवा आहे.